अर्धवट बदललेला तक्ता



तुमच्या शाळेच्या कार्यालयात एक जाडजूड नोंदवही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तीत एक ओळ असते आणि प्रत्येक ओळीत ठरलेले रकाने असतात: अनुक्रमांक, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ इत्यादी. दरवर्षी ओळी वाढत जातात. रकाने मात्र वही छापून आली तेव्हा जसे होते तसेच राहतात.

पण कधी कधी रकानेच बदलण्याची वेळ येते. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने असा निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावीत. अशा निर्णयानंतर 'पूर्ण नाव' हा एकच रकाना पुरेसा होत नाही. कागदी वहीत अशा वेळी समासात एक उभी रेघ मारतात, नाहीतर नव्या रकान्यांची वही छापून घेतात. जुनी वही कपाटात सुरक्षित राहते.

संगणकात ठेवलेल्या नोंदींचे तसे नसते. तेथे बहुधा त्याच नोंदवहीत, ती वापरात असतानाच, रकाने बदलावे लागतात. हे काम अर्ध्यावर बंद पडले तर? काही रकाने नवे, काही जुने, काही मुलांची नावे इकडे, काहींची तिकडे, अशी स्थिती होईल. असे होऊ नये म्हणून संगणकशास्त्राने काय योजना केली आहे, ते या लेखात पाहू.

तक्ता: रचना आणि मजकूर

संगणकात पद्धतशीरपणे साठवलेल्या माहितीला डेटाबेस म्हणतात. बँकांतील खाती, रेल्वेची आरक्षणे, परीक्षांचे गुण हे सर्व डेटाबेसमध्ये असते. पूर्वी अशी माहिती शोधायची, तर ती चुंबकीय तबकडीवर कोठे ठेवली आहे आणि एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे कसे जायचे, हे आज्ञावली लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. माहितीची जागा बदलली, की आज्ञावलीही बदलावी लागे.

१९७० साली एडगर कॉड या गणितज्ञाने यावर एक सुटसुटीत तोड सुचवली. कॉड यांचा जन्म इंग्लंडचा. पण ते काम करीत होते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत. नववीच्या गणितात तुम्ही संच शिकता. त्या संचांच्या गणिताचाच आधार घेऊन कॉड यांनी म्हटले, की सर्व माहिती केवळ तक्त्यांच्या रूपात मांडावी. एका वस्तूसाठी एक ओळ आणि तिच्या एका गुणासाठी एक रकाना. ती तबकडीवर कोठे ठेवायची, ते संगणकाने पाहावे. या कल्पनेला 'रिलेशनल' पद्धत म्हणतात. तिच्यासाठी कॉड यांना १९८१ साली संगणकशास्त्रातील मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

तक्त्याचे दोन भाग असतात, हे येथे नीट लक्षात घ्या. एक भाग म्हणजे त्यातला मजकूर, म्हणजेच ओळी. दुसरा भाग म्हणजे त्याची रचना: रकाने किती, त्यांची नावे काय, कोणत्या रकान्यात संख्या चालेल, कोणत्यात अक्षरे, कोणता रकाना रिकामा ठेवता येणार नाही, वगैरे. तक्त्यांशी बोलण्यासाठी एसक्यूएल नावाची भाषा वापरतात. तिचा पहिला आराखडा १९७४ साली आयबीएममध्येच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी मांडला. या भाषेत मजकूर बदलण्याच्या आज्ञा वेगळ्या आहेत: 'इन्सर्ट' म्हणजे ओळ घाला, 'अपडेट' म्हणजे ओळ बदला, 'डिलीट' म्हणजे ओळ काढा. रचना बदलण्याच्या आज्ञा वेगळ्या: 'क्रिएट टेबल' म्हणजे नवा तक्ता आखा, 'ऑल्टर टेबल' म्हणजे असलेल्या तक्त्याचे रकाने बदला आणि 'ड्रॉप टेबल' म्हणजे तक्ताच काढून टाका.

व्यवहार म्हणजे काय?

समजा, एका विद्यार्थ्याला नववी 'अ' तुकडीतून 'ब' तुकडीत घालायचे आहे. 'अ' च्या हजेरीपटातून त्याचे नाव कमी करायचे आणि 'ब' च्या हजेरीपटात ते चढवायचे. ही दोन कामे आहेत. पण ती दोन्ही झाली तरच अर्थ आहे. पहिले काम झाले आणि तेवढ्यात वीज गेली, तर तो विद्यार्थी कोणत्याच तुकडीत राहणार नाही!

म्हणून अशी कामे एका गाठीत बांधतात. या गाठीला 'व्यवहार' किंवा ट्रॅन्झॅक्शन म्हणतात. व्यवहार 'बिगिन' या आज्ञेने सुरू होतो. सर्व कामे मनासारखी झाली तर 'कमिट' ही आज्ञा देतात. मग सर्व बदल कायम होतात. मध्येच काही बिघडले तर 'रोलबॅक' म्हणजे माघार. मग एकही बदल राहत नाही. काही न सांगता वीजच गेली, तर संगणक पुन्हा सुरू होताच डेटाबेस आपणहून माघार घेतो. थोडक्यात, व्यवहार पूर्ण तरी होतो, नाहीतर झालाच नाही असा राहतो.

व्यवहाराची कल्पना पक्क्या पायावर उभी करण्यात जिम ग्रे या अमेरिकी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८३ साली थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉइटर या जर्मन शास्त्रज्ञांनी व्यवहाराचे चार गुण एकत्र सांगितले. पहिला, तो अविभाज्य असावा. दुसरा, त्याने माहिती सुसंगत ठेवावी. तिसरा, एकाच वेळी चाललेल्या दोन व्यवहारांनी एकमेकांत लुडबुड करू नये. चौथा, एकदा कायम झालेला बदल टिकावा. या गुणांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'ॲसिड' असे गमतीदार नाव पडले.

हे साधते कसे? जुन्या पेढीवरचे मुनीम काय करीत, ते आठवा. दिवसभराची देवघेव आधी रोजकीर्दीत घडेल त्या क्रमाने लिहीत आणि मग तीवरून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडीत. खतावणीत गोंधळ झाला, तर रोजकीर्द पाहून तो दुरुस्त करता येई. डेटाबेसही अशी रोजकीर्द ठेवतो. कोणताही बदल तक्त्यात कायमचा करण्याआधी त्याची नोंद रोजकीर्दीत होते. मग मध्येच वीज गेली, तरी कोणता व्यवहार पुरा झाला होता आणि कोणता अपुरा होता, हे रोजकीर्दीवरून कळते.

रचना बदलताना काय घडते?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, एका शाळेच्या डेटाबेसमध्ये 'विद्यार्थी' नावाचा तक्ता आहे. त्यात १,२०० ओळी आहेत. रकाने तीनच: क्रमांक, पूर्ण नाव आणि जन्मतारीख. तो नव्या पद्धतीत आणायचा आहे. त्यासाठी चार पायऱ्या ठरल्या:

१. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे चार नवे रकाने वाढवायचे.
२. प्रत्येक ओळीतील पूर्ण नावाचे तीन भाग करून ते त्या त्या रकान्यात भरायचे. आईचे नाव नंतर पालकांकडून मागवायचे.
३. आडनावाचा रकाना रिकामा राहता कामा नये, अशी अट घालायची.
४. 'पूर्ण नाव' हा जुना रकाना काढून टाकायचा.

पहिली पायरी झाली. दुसऱ्या पायरीसाठी लिहिलेली आज्ञावली एकेक नाव घेऊन त्याचे तुकडे करू लागली. ७४२ नावे सुरळीत पार पडली. ७४३ व्या ओळीत मात्र दोनच शब्द निघाले. सर्वच प्रांतांत आणि सर्वच घरांत आडनाव लावण्याची रीत नसते. आज्ञावलीला तिसरा शब्द सापडेना. ती तेथेच थांबली.

आता तक्त्याची अवस्था पाहा. रकाने सात झाले आहेत. ७४२ मुलांची नावे नव्या रकान्यांत आहेत. उरलेल्या ४५८ मुलांचे नवे रकाने रिकामे आहेत. शाळा सोडल्याचा दाखला छापणाऱ्या आज्ञावलीने कोणता रकाना वाचावा? नवा वाचला, तर ४५८ मुलांचे दाखले बिननावाचे निघतील. बरे, चूक सुधारून सर्व काम पहिल्यापासून पुन्हा करू म्हटले, तर पहिल्याच पायरीवर संगणक अडवतो: 'या नावाचा रकाना आधीच आहे.' आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने चूक झाली तरी पुढे चला, असे सांगून ठेवले असेल तर? मग चौथी पायरी जुना रकाना काढून टाकील आणि ४५८ मुलांची नावे त्या तक्त्यातून नाहीशी होतील.

या चारही पायऱ्या एका व्यवहारात बांधता आल्या असत्या, तर हा प्रसंग आला नसता. ७४३ व्या ओळीवर अडताच माघार घेतली असती. नवे रकाने नाहीसे झाले असते, भरलेली ७४२ नावे निघून गेली असती आणि तक्ता पूर्वी होता तसा तीन रकान्यांचा राहिला असता. मग दोन शब्दांच्या नावांचे काय करायचे ते शांतपणे ठरवून, तेच काम पुन्हा पहिल्यापासून करता आले असते.

पण एक शंका तुमच्या मनात आली असेल. ओळीतला मजकूर जुना होता तसा करणे समजू शकते. तक्त्याचे रकानेच बदलले, तर ते मागे कसे घेणार? वहीत आखलेली रेघ पुसता येत नाही!

तक्त्यांचा तक्ता

या शंकेचे उत्तर फार सुंदर आहे. 'विद्यार्थी' तक्त्यात कोणते रकाने आहेत, हे डेटाबेसला कसे कळते? ते त्याने कोठेतरी लिहून ठेवले असले पाहिजे. रिलेशनल पद्धतीत माहिती लिहिण्याची जागा एकच: तक्ता. म्हणून डेटाबेस स्वतःसाठी काही खास तक्ते ठेवतो आणि त्यांत इतर तक्त्यांची रचना लिहितो. या खास तक्त्यांना 'कॅटलॉग' म्हणतात. आपण त्याला तक्त्यांचा तक्ता म्हणू. आपल्या शाळेसाठी तो साधारण असा दिसेल:

तक्ता – रकाना – प्रकार
विद्यार्थी – क्रमांक – संख्या
विद्यार्थी – पूर्ण नाव – अक्षरे
विद्यार्थी – जन्मतारीख – दिनांक

आता 'आईचे नाव' हा रकाना वाढवायचा म्हणजे काय करायचे? तक्त्यांच्या तक्त्यात 'विद्यार्थी – आईचे नाव – अक्षरे' अशी एक ओळ घालायची. रकाना काढायचा म्हणजे त्यातली ओळ काढायची किंवा 'हा रकाना रद्द' अशी खूण करायची. म्हणजेच रचनेतला बदल हाही शेवटी ओळींतलाच बदल ठरला! आणि ओळींतला बदल व्यवहारात कसा बांधायचा व मागे कसा घ्यायचा, हे तर डेटाबेसला आधीपासूनच येते. तेच रोजकीर्दीचे तंत्र येथेही चालते.

कॉड यांनी १९८५ साली खऱ्या रिलेशनल डेटाबेसची कसोटी म्हणून काही नियम प्रसिद्ध केले. त्यांतला चौथा नियम हाच आहे: डेटाबेसचे वर्णनही इतर माहितीप्रमाणे तक्त्यांतच असावे आणि त्याच भाषेत वाचता यावे.

याचे चांगले उदाहरण म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस. त्याचे मूळ, मायकेल स्टोनब्रेकर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९८६ साली सुरू केलेल्या 'पोस्टग्रेस' प्रकल्पात आहे. त्यात 'पीजी क्लास' नावाच्या तक्त्यात प्रत्येक तक्त्यासाठी एक ओळ असते आणि 'पीजी ॲट्रिब्यूट' नावाच्या तक्त्यात प्रत्येक रकान्यासाठी एक ओळ असते. गंमत म्हणजे 'पीजी क्लास' हाही एक तक्ताच, म्हणून त्याची स्वतःचीही ओळ त्यात असते!

पोस्टग्रेएसक्यूएल ओळ बदलताना जुनी ओळ लगेच पुसत नाही. तो नवी ओळ शेजारी लिहितो आणि कोणती ओळ कोणत्या व्यवहाराची, हे टिपून ठेवतो. व्यवहार कायम झाला, तर नवी ओळ खरी. माघार घेतली, तर जुनी ओळ खरी. तक्त्यांच्या तक्त्यालाही हाच नियम लागतो. रकाना काढला, तरी त्यातला मजकूर त्या क्षणी खरवडून काढत नाहीत. तो रकाना रद्द झाल्याची खूण फक्त करतात. अख्खा तक्ता काढून टाकण्याची आज्ञा दिली, तरी तबकडीवरील त्याची फाइल व्यवहार कायम होईपर्यंत काढली जात नाही. त्यामुळे माघार घेणे सोपे जाते.

सर्व डेटाबेस सारखे नाहीत

यावरून सर्वच डेटाबेस असे वागतात, असा समज करून घेऊ नका. पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूलाइट, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आणि आयबीएमचा डीबी-२ यांत रचनेतील बहुतेक बदल व्यवहारात बांधता येतात. ओरॅकल आणि मायएसक्यूएल यांची रीत मात्र निराळी आहे. तेथे 'ऑल्टर टेबल' सारखी आज्ञा दिली, की चालू असलेला व्यवहार आपोआप कायम होतो. कोणी 'कमिट' म्हणण्याची वाट पाहिली जात नाही.

यात एक खाच आहे. समजा, तुम्ही व्यवहार सुरू केला, पाच ओळी बदलल्या, मग एक रकाना वाढवला आणि चूक लक्षात आल्यावर 'रोलबॅक' म्हटले. तुम्हाला वाटेल, सर्व काही पूर्ववत झाले. प्रत्यक्षात रकाना वाढवण्याच्या आज्ञेबरोबरच आधीच्या पाच ओळीही कायम झालेल्या असतात. माघार घ्यायला काही उरलेलेच नसते!

मायएसक्यूएलचा इतिहास आपला मुद्दा छान स्पष्ट करतो. त्यात पूर्वी प्रत्येक तक्त्याची रचना एका स्वतंत्र फाइलमध्ये लिहीत. ही फाइल व्यवहार सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या बाहेर असे. जे रोजकीर्दीबाहेर आहे, त्याला रोजकीर्दीचे संरक्षण कसे मिळणार? रचना बदलताना मध्येच वीज गेली, तर फाइल एक सांगते आणि तक्ता दुसरेच, असे होऊ शके. २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत या फाइली गेल्या आणि रचनेची माहिती व्यवहार पाळणाऱ्या तक्त्यांत आली. तेव्हापासून रचना बदलण्याची एकेक आज्ञा तरी पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही. मात्र अशा अनेक आज्ञा एका व्यवहारात बांधण्याची सोय त्या आवृत्तीतही आली नाही.

मग असे डेटाबेस वापरणाऱ्यांनी काय करावे? जाणकार लोक दोन पथ्ये पाळतात. एक, बदलाला हात घालण्याआधी सर्व माहितीची प्रत काढून ठेवायची आणि ती प्रत परत भरता येते, याची खात्री करून घ्यायची. दोन, बदल अशा लहान पायऱ्यांनी करायचा, की कोणत्याही पायरीवर थांबले तरी काम अडू नये. म्हणजे आधी नवे रकाने वाढवायचे. जुना तसाच ठेवायचा. मग हळूहळू नावे भरायची. ती तपासायची. मग दाखले छापणारी आज्ञावली नव्या रकान्यांवर आणायची. सर्व ठीक आहे असे काही दिवस पाहून, सर्वांत शेवटी जुना रकाना काढायचा. नवा पूल रहदारीला खुला होईपर्यंत जुना पाडायचा नाही, असाच हा प्रकार आहे.

कुलपाची किंमत

व्यवहारात रचना बदलण्याची सोय असली, तरी ती फुकट मिळत नाही. तक्त्याचे रकाने बदलत असताना दुसऱ्या कोणी त्यात ओळी घातल्या, तर गोंधळ होईल. म्हणून डेटाबेस त्या तक्त्याला कुलूप लावतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रचना बदलणाऱ्या बऱ्याच आज्ञांना सर्वांत कडक कुलूप लागते. ते असेपर्यंत इतरांना त्या तक्त्यात लिहिता तर येत नाहीच, पण तो वाचताही येत नाही. आणि कुलूप निघते ते व्यवहार संपल्यावरच.

शाळेच्या १,२०० ओळींसाठी हा खोळंबा क्षणभराचा असेल. कोट्यवधी ओळींच्या तक्त्याला मात्र एका लांबलचक व्यवहारात कुलूप घातले, तर सर्व खिडक्यांवर रांगा लागतील. त्यातही एक बारकावा आहे. आधीच कोणी त्या तक्त्याचे मोठे वाचन करीत असेल, तर रचना बदलणाऱ्याला थांबावे लागते. आणि तो रांगेत उभा राहिला, की त्याच्या मागून आलेले साधे वाचकही थांबतात. कामाला एक क्षणच लागणार असला, तरी वाट पाहण्यात मिनिटे जाऊ शकतात. म्हणून अमुक वेळात कुलूप मिळाले नाही तर परत फिरा, अशी मर्यादा आधीच घालून ठेवणे शहाणपणाचे असते.

काही सुधारणांनी हा खोळंबा कमी झाला आहे. पूर्वी पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एखादा ठरावीक मजकूर भरलेला नवा रकाना वाढवायचा, तर तक्त्यातील प्रत्येक ओळ नव्याने लिहावी लागे. २०१८ सालच्या अकराव्या आवृत्तीपासून तो मजकूर एकदाच तक्त्यांच्या तक्त्यात लिहितात. जुन्या ओळींना हात न लावता रकाना वाढतो.

करून पाहा

हे सर्व स्वतः तपासता येईल. एसक्यूलाइट हा डेटाबेस रिचर्ड हिप या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २००० साली तयार केला. तो विनामूल्य आहे आणि घरातल्या अँड्रॉइड फोनमध्ये व आयफोनमध्येही तो असतोच. शाळेच्या संगणकावर तो शिक्षकांच्या मदतीने उतरवून घ्या. आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहायच्या आहेत. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम द्यायला विसरू नका. सुरुवातीला एका फाइलचे नाव देऊन एसक्यूलाइट उघडा, म्हणजे तक्ते त्या फाइलमध्ये राहतील.

१. 'क्रिएट टेबल' ने क्रमांक आणि नाव अशा दोन रकान्यांचा विद्यार्थी तक्ता करा. 'इन्सर्ट' ने त्यात तीन ओळी घाला.
२. एसक्यूलाइटमध्ये तक्त्यांच्या तक्त्याचे नाव 'एसक्यूलाइट मास्टर' असे आहे. 'सिलेक्ट' ने तो वाचा. त्यात तुमच्या तक्त्याची रचना शब्दांत लिहिलेली दिसेल.
३. आता 'बिगिन' म्हणा आणि 'ऑल्टर टेबल' ने आईच्या नावाचा रकाना वाढवा. पुन्हा 'एसक्यूलाइट मास्टर' वाचा. तीच ओळ आता तीन रकाने सांगेल.
४. दुसऱ्या खिडकीत तीच फाइल उघडून वाचा. तेथे अजून दोनच रकाने दिसतील. व्यवहार पुरा होईपर्यंत त्याच्या पोटातला बदल इतरांना दिसत नाही.
५. पहिल्या खिडकीत 'रोलबॅक' म्हणा आणि पुन्हा वाचा. रकाना नाहीसा झालेला असेल.
६. तिसरी पायरी पुन्हा करा; पण या वेळी 'रोलबॅक' किंवा 'कमिट' काहीच न म्हणता खिडकी सरळ बंद करा. फाइल पुन्हा उघडा. काय दिसते?

फोनमधील एखादे ॲप नवे केले, की पुष्कळदा आतल्या तक्त्यांचे रकानेही बदलतात. अँड्रॉइडमध्ये यासाठी दिलेली ठरावीक सोय वापरली, तर हे बदल एका व्यवहारातच होतात. मध्येच काही बिघडले, तरी जुने तक्ते शाबूत राहतात.

संगणक नसेल, तर वर्गात हा खेळ खेळा. तीन कागद घ्या: विद्यार्थी तक्ता, तक्त्यांचा तक्ता आणि रोजकीर्द. एका विद्यार्थ्याने रकाना वाढवून नावे भरायची. कोणताही बदल करण्याआधी त्याने 'जुने काय, नवे काय' हे रोजकीर्दीत लिहायचे आणि सर्व झाल्यावर 'पूर्ण' असे लिहायचे. दुसरा विद्यार्थी म्हणजे वीज. त्याने मनात येईल तेव्हा टाळी वाजवायची. टाळी वाजताच लिहिणाऱ्याने पेन्सिल खाली ठेवायची. तिसऱ्या विद्यार्थ्याला तोपर्यंत वर्गाबाहेर उभे करा. त्याने आत येऊन, कोणालाही न विचारता, केवळ रोजकीर्द वाचून तक्ते ठीक करायचे. 'पूर्ण' लिहिलेले नसेल, तर शेवटच्या नोंदीपासून उलट जात सर्व जुने करायचे. रोजकीर्द बदलाच्या आधी न लिहिता नंतर लिहिली, तर काय होते, तेही एकदा करून पाहा. तिसऱ्या विद्यार्थ्याची कशी फजिती होते ते कळेल!

विचार करा

१. वर दिलेल्या तक्त्यांच्या तक्त्यात विद्यार्थी तक्त्याच्या तीन ओळी आहेत. लेखातील चारही पायऱ्या पुऱ्या झाल्यावर चालू रकान्यांच्या किती ओळी असतील?
२. मायएसक्यूएलमध्ये व्यवहार सुरू करून एका नव्या विद्यार्थ्याची ओळ घातली, मग 'ऑल्टर टेबल' ने रकाना वाढवला आणि शेवटी 'रोलबॅक' म्हटले. त्या विद्यार्थ्याची ओळ राहील का?
३. व्यवहार चालू असतानाच एक दाखला छापून पालकांच्या हाती दिला आणि मग माघार घेतली. दाखल्याचे काय होईल? असे होऊ नये म्हणून छपाई केव्हा करावी?

उत्तरे: (१) सहा. तीन होत्या, चार वाढल्या, एक गेली. (२) राहील. रकाना वाढवतानाच ती कायम झाली. (३) कागदावर छापलेले मागे घेता येत नाही, कारण कागद रोजकीर्दीबाहेर आहे. म्हणून छपाई 'कमिट' नंतरच करावी.